उरलेलं काज

वकीलने मोठ्या बाईंच्या टेबलावर कार्ड ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच.

“बाई, मी मुकी आहे का?”

मोठ्या बाईंनी चष्मा चढवला. अक्षर त्यांचंच होतं, शाईही त्यांचीच. ‘तू गप्प असतेस तेव्हाही मला ऐकू येतं. आता जरा मोठ्याने बोल.’

आठवीत अर्ध्या गुणासाठी तीन शिक्षकांशी भांडून तो अर्धा गुण घेऊनच घरी गेलेली ही पोर. वकील हे नाव तिला तेव्हाच चिकटलं. ही आणखी मोठ्याने बोलायला लागली तर या मुख्याध्यापिकेच्या खोलीला काचा राहायच्या नाहीत.

“हे तुझं नाही गं.”

“पाकीट माझं, त्यावरचं नाव माझं. मग माझं कार्ड कुठंय? आणि त्यात काय लिहिलंय?”

काय लिहिलंय ते बाईंना तोंडपाठ होतं. पण ते कार्ड या घटकेला कुणाच्या घरी आहे, हे मात्र सांगता येत नव्हतं.

“बाहेर बाकावर बस. शोधते.”

सकाळपासूनची ही चौथी. आधी गोलकीपर आला होता. त्याच्या कार्डात ‘तुझा गळा गोड आहे’ असं होतं, आणि घरच्यांनी हसून हसून त्याला नको नको करून सोडलं होतं.

दहावीच्या निकालानंतर निरोपाला मोठ्या बाई प्रत्येकाला कार्डावर दोन-तीन ओळी लिहून देत. कार्डावर नाव नसायचं, ते फक्त पाकिटावर. नाव वाचून नाही, ओळी वाचून कळलं पाहिजे की हे माझं, असं त्यांचं म्हणणं. खोटं कौतुक एका शब्दाचंही नाही. म्हणून तर लोक ती कार्डं फ्रेम करून भिंतीवर लावत. काल समारंभात एकोणचाळीस पाकिटं वाटून झाली, पोरं रडली, फोटो निघाले, सगळं कसं छान पार पडलं. आणि आज हे.

पाकिटं भरायचं काम उपमुख्याध्यापकांचं. दोन कागद एकत्र दिसले की टाचायचे, म्हणून सगळी शाळा त्यांना टाचणीसर म्हणायची. ते समोरच्या खुर्चीत बसून घाम पुसत होते.

“मी एकेक नंबर बघून घातलंय, बाई. कार्डाच्या कोपऱ्यात तुमचा पेन्सिलीचा आकडा, पाकिटावर क्लार्कबाईंनी छापलेला आकडा. जुळला की आत.”

“मग कोपऱ्यातला आकडा कुठंय आता?”

“खोडला. घाण दिसत होतं ते.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

“आणखी काही?”

सर घुटमळले. “शेवटी एक पाकीट रिकामं राहिलं आणि एक कार्ड उरलं. मग मी त्या दोघांचं लग्न लावून दिलं.”

“कुठलं पाकीट? कुठलं कार्ड?”

“ते आता कुठलं आठवायला!”

क्लार्कबाई रजेवर, त्यांचा फोन बंद. बाईंनी एका कागदावर चौघांची नावं लिहून बाण काढले. बाणांचा नुसता गुंता झाला. सरांनी दुसऱ्या कागदावर तोच गुंता जास्त सुबकपणे काढला. त्यातून काही निघेना, तेव्हा सरांनी हात टेकले आणि नोटीस खरडायला घेतली: सर्व विद्यार्थ्यांनी आपापली कार्डे परत आणून द्यावीत.

‘आपापली’ या शब्दाशी ते अडले. तेवढ्यात दार वाजलं.

दारात गळ्यात मापाची टेप लटकलेला माणूस उभा होता. घाईत टेप काढायचीच विसरला असावा. हातात मापांची वही होती.

“नमस्कार बाई. मी शिंपी, बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान आहे. आमची धाकटी तुमच्याकडे दहावीला होती.”

त्याने मुलीचं नाव सांगितलं. नाव बाईंना ठाऊक होतं, हजेरीत वकीलच्या पाठोपाठ यायचं. चेहरा मात्र काही केल्या आठवेना. बाईंना आपलीच लाज वाटली.

“बसा ना.”

तो बसला नाही. वहीतून कार्ड काढून त्याने दोन्ही हातांनी पुढे धरलं. बाईंनी पहिलीच ओळ वाचली आणि ओळखलं. वकीलचं कार्ड.

‘असं डोकं मी तीस वर्षांत दुसऱ्यांदाच पाहतेय. शिकणं थांबवू नकोस. अडलं तर सरळ माझ्याकडे ये.’

“बाई, मोठीला दहावी झाल्यावर मशीनवर बसवलं,” शिंपी म्हणाला. “हिचंही तेच ठरलंय. येत्या सोमवारपासून. काल हे घेऊन आली. मी तीन वेळा वाचलं. सकाळी कापड अंथरलं तर कात्री चालेना. दहा वर्षांत हिच्या प्रगतिपुस्तकात ‘समाधानकारक’ सोडून दुसरा शब्द आला नाही. मग हे काय आहे? हे तुम्ही माझ्या पोरीबद्दल लिहिलंय?”

“अहो, त्याचं असं आहे...” टाचणीसरांनी सुरुवात केली. बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. पुढे आपण काय बोलणार आहोत, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

“तुम्ही हो म्हणालात तर शिकवतो,” शिंपी म्हणाला. “ओढाताण होईल, ती बघेन मी. नाही म्हणालात तर सोमवारी मशीन. पण खरं सांगा. लोक म्हणतात, तुम्ही खोटं लिहीत नाही.”

बाईंनी कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. हो म्हणावं तर तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलायचं, तेही पोराबाळांच्या बापाशी. नाही म्हणावं तर याच खोलीत, याच टेबलाशी, एका मुलीची शाळा संपवायची. या मुलीला आपण लिहिलं तरी काय होतं? त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं, तेव्हा कुठे आठवलं. ‘तुझं काम नीटनेटकं असतं. असंच राहू दे.’ काहीच सुचलं नाही की माणूस लिहितो तसलं.

“तिचं स्वतःचं काय म्हणणं?” वेळ काढायचा म्हणून त्यांनी विचारलं.

“तीच तर म्हणते, हे माझं नाही. परत देऊन या म्हणाली. आणि हे तुम्हाला द्यायला सांगितलंय.”

त्याने वहीतून कापडाचं कटिंग आखायचा खाकी कागद काढला. चार घड्या उलगडल्यावर तो अर्धं टेबल व्यापून बसला. डावीकडे ‘कुणाला मिळालं’ म्हणून एकोणचाळीस नावं, उजवीकडे ‘कुणाचं’ म्हणून तीच एकोणचाळीस नावं, मध्ये पट्टीने आखलेल्या रेघा. अठरा रेघा सरळ. एकोणिसावी तिरपी होऊन पार शेवटच्या नावापर्यंत गेलेली. त्यापुढची प्रत्येक रेघ एक घर वर चढलेली. खाली बारीक अक्षरात मजकूर होता.

‘बाई, सगळ्यांना फोन करून कार्डं वाचून घेतली. पहिल्या अठरा जणांची बरोबर आहेत. सहामाहीनंतर एकोणीस नंबरचा मुलगा शाळा सोडून गेला. तुमच्या वहीत जुने नंबर असतील आणि ऑफिसात नवे. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं की पुढची सगळी चुकतात, आणि शेवटी एक बटण आणि एक काज उरतं. ते उरलेलं कुणीतरी एकमेकांत घातलं आहे. माझ्याकडे आलेलं कार्ड वकीलचं आहे, ते तिला द्यावं. माझं माझ्या पुढच्या नंबरकडे आहे. ते त्याच्याकडे राहिलं तरी चालेल. ते कुणालाही चालण्यासारखं आहे.’

“कुणीतरी,” टाचणीसर पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी आपली नोटीस हळूच घडी करून खिशात घातली.

बाई शेवटच्या वाक्यापाशी थांबल्या. मुलीने ते रागाने लिहिलं नव्हतं, तक्रारही नव्हती त्यात. ते खरं होतं, म्हणून तिने लिहिलं होतं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा चढवला.

“हे तिने कुणाला विचारून केलं?”

“कुणाला विचारणार? काल दुपारी फोनवर बसली होती, मी शेजारी बटणं लावत होतो. मग एकदम माझ्या हातातल्या शर्टाकडे बघून हसायला लागली. म्हटलं, वेडबीड लागलं की काय!” शिंपी कावराबावरा झाला. “काही चुकलंय का तिचं?”

“नाही हो. आम्ही दोघं सकाळपासून इथे डोकं फोडतोय.”

बाईंनी खाकी कागदाची नीट घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवली. मग कार्ड पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

“बाई, ते वकीलचं...” टाचणीसर कुजबुजले.

“तिला नवं लिहीन मी. भांडेल ती. भांडू दे.”

कार्डावर त्या कधीच नाव लिहीत नसत. आज त्यांनी सगळ्यात वर शिंप्याच्या मुलीचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. ‘दुसऱ्यांदाच’वर रेघ मारून वर ‘तिसऱ्यांदाच’ केलं. खाली सही होती, तिच्याशेजारी तारीख घातली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कार्ड परत दिलं.

शिंप्याने ते हात लांब करून वाचलं. गोंधळलेला चेहरा काही निवळला नाही.

“म्हणजे हे हिचंच आहे?”

“हिचंच.”

“पण बाई, तारीख आजची पडलीय. कार्ड तर काल मिळालं.”

“हो,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मला आज कळलं.”

शिंप्याने कार्ड वहीत, कोऱ्या पानाशी ठेवलं. गळ्यातली टेप आता त्याच्या लक्षात आली. ती काढून बोटांना गुंडाळत त्याने विचारलं,

“मग सोमवारी पुढच्या प्रवेशाचा फॉर्म घ्यायला कुठे पाठवू तिला?”