धूम्रकूटचा अलंघ्य मुलूख

रहीम शेख यांच्या कादंबरीतला राजपुत्र अकरा वर्षांपासून डोंगराच्या पायथ्याशी उभा होता. दोष त्याचा नव्हता. समोरचा धूम्रकूट रहीमभाईंनीच असा बिकट करून ठेवला होता की तिथे शेळीनेसुद्धा विचार करून पाऊल टाकावे.

रहीमभाईंची सारी नोकरी वनखात्यात नकाशे काढण्यात गेली होती. गेल्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, निवृत्त होऊन ते धानोऱ्याच्या घरी बसले; पण हात काही बसला नाही. धूम्रकूटच्या तीन रांगा, दोन घळी आणि सतरा सुळके त्यांनी काळ्या शाईने रेखले होते. प्रत्येक सुळक्याची उंची ठरलेली होती. त्या मुलखाचा बाराशे वर्षांचा इतिहासही सिद्ध होता: नऊ सेना चाल करून आल्या आणि नऊही परतल्या. पहिलीला थंडीने गाठले, दुसरीला अस्वलांनी, तिसरी सेनापतींच्या भांडणात फुटली. नववी तर नुसता नकाशा पाहूनच माघारी वळली.

अडचण चौथ्या प्रकरणाची होती. त्यात राजपुत्राला डोंगर ओलांडायचा होता.

चंद्रपूरचे छापखानेवाले बापूराव यांचे पत्र सोमवारी आले. 'नव्वद पाने भूगोल व इतिहास वाचला. उत्तम आहे. आता माणूस चालू द्या. शुक्रवारपर्यंत राजपुत्र पलीकडे उतरला तर पुस्तक छापतो. पुढे लग्नसराई आहे. एकदा यंत्र पत्रिकांना लागले की पावसाळ्यापर्यंत सुटत नाही, आणि तोवर माझी हौस टिकेल याची हमी नाही.'

बुधवार उजाडला तरी राजपुत्र जागचा हलला नव्हता. नकाशा ओसरीवर पसरून रहीमभाई त्याच्याकडे पाहत बसले होते.

"एक खिंड काढा न मधातून," आबिदाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"शाईनं झालेल्या नकाशात अशी खिंड काढता येत नाई. तिथली पाहणी झाली नाई."

"पाहणी कोन करनार अजी? डोंगर तं तुमच्या डोक्यात आहे!"

"म्हनूनच जबाबदारी माझी आहे."

"मग उडता घोडा द्या त्याले."

"पान चव्वेचाळीस. वर हवा विरळ आहे. पंख धरत नाई."

आबिदाबाईंनी एक खडा वेचून अंगणात भिरकावला. तो नेमका कोणाला उद्देशून होता, हे त्यांनी सांगितले नाही.

तेवढ्यात मंगली आली. वरच्या रानातल्या पाड्यावरून बाजाराच्या दिवशी ती उतरायची, आबिदाबाईंना चारोळी द्यायची आणि बदल्यात मीठ न्यायची. वीस वर्षांचा रिवाज होता. तिची टेकायची जागा आज नकाशाने अडवली होती. ती कडेला उकिडवी बसली आणि निरखू लागली.

"हे कोनतं रान होय, भाऊ?"

"खरं नाई, मंगलीबाई. माझ्या मनातलं आहे."

मंगलीला यात काही नवल वाटले नाही. "मोहाची झाडं आहेत का?"

"आहेत. या उतारावर."

"अन् वर हे घरं?"

"सतरा उंबऱ्यांचं गाव आहे. फार जुनं."

"मीठ कुठून आनतेत?"

रहीमभाईंनी घाईने पाने उलटली. पान बासष्टवर त्यांनीच लिहिले होते की वरच्या गावात पाहुण्यापुढे आधी भात आणि चिमूटभर मीठ ठेवतात. "खालून येते," ते म्हणाले. "समुद्राकडून."

"आनते कोन?"

रहीमभाई पुन्हा पाने उलटू लागले. आबिदाबाईंनी सूप खाली ठेवले. हा आनंद तांदूळ निवडत भोगण्यासारखा नव्हता.

"नऊ फौजा वापस गेल्या न? मग मीठ काय उडत गेलं? हवा तं विरळ आहे म्हनता!"

"बायाच आनत असतीन," मंगली म्हणाली. "बाजाराले उतरत असतीन. फौज कुठी चढते, भाऊ? हत्ती, घोडे, तंबू... एवढं घेऊन घाट चढतेत काय? नाल्याच्या कडेकडेनं याचं, मोहापाशी टेकाचं, पुन्हा चालाचं. वाट पडतेच."

"पन तिची नोंद नाई कुठं."

"आमच्या वाटेची तरी कुठी आहे?"

ती सहज बोलली. रहीमभाईंनी मात्र पाने मिटली. या तालुक्यातली रानेच्या राने त्यांनी कागदावर उतरवली होती. वनकक्षांचे क्रमांक, सीमेचे खांब, गाडीरस्ते, सारे. मंगली ज्या वाटेने वीस वर्षे त्यांच्या दारी येत होती, ती त्यांतल्या एकाही कागदावर नव्हती.

त्यांनी शिसपेन्सिल काढली. "दाखवा बरं, कुठून."

मंगलीचे बोट नाल्याच्या काठाने वर सरकले, गावावरून पलीकडे उतरले आणि त्यामागून तुटक रेघ. मग रहीमभाईंनी इतिहास उघडला. 'बाराशे वर्षांत धूम्रकूट कोणीही ओलांडला नाही' या वाक्यापुढे त्यांनी जड हाताने लिहिले: 'बाजाराचे दिवस वगळता.'

"आता राजपुत्र या बायांच्या मागून जाईल," ते म्हणाले.

"रिकाम्या हातानं?" मंगलीने मान हलवली. "आमच्या रांगेत असं कोनी चालत नाई. टोपली द्या त्याच्या डोक्यावर."

"राजपुत्र आहे तो!"

"मग लहान टोपली द्या."

दोन दिवस रहीमभाई लिहीत होते. गुरुवारी दुपारी आबिदाबाईंनी चहा ठेवत विचारले, "पोचला का?"

"अर्ध्यात बसला. मान आखडली त्याची. बाया म्हनून राह्यल्या, तलवार इथीच ठेव, परतताना घेजो."

"बराबर बोलतेत बाया."

शुक्रवारच्या पहिल्या एसटीने प्रकरण चंद्रपूरला गेले. राजपुत्र पलीकडे उतरला होता, आणि तिथे भेटलेल्या पहिल्या माणसाने त्याचे कुळ न विचारता मिठाचा भाव विचारला होता. संध्याकाळी चौकातल्या टेलिफोन बूथवर बापूरावांचा फोन आला.

"छापतो," ते म्हणाले. "पण रहीमभाई, ती रांगेत सर्वांपुढं चालणारी बाई कोण? तिच्याबद्दल काहीच नाही. तिचाही इतिहास लिहा."

"लिहितो न!" रहीमभाईंचा आवाज एकदम उजळला.

"तीन पानं," बापूराव घाईघाईने म्हणाले. "नव्वद नाही. तीन!"