खांद्यावरची नाव

तोंचीने बटण दाबून चित्र थांबवलं. पडद्यावरची दोन माणसं खांद्यावर होडी घेऊन जागच्या जागी उभी राहिली, एकेक पाय हवेतच.

"हे काढून टाक," तो म्हणाला. "याच्या पुढचंही काढ. तिसऱ्यापासून सुरू कर."

मिरेलाने खुर्ची वळवली. टीव्ही मालिका बनवणाऱ्या 'गायेता' कंपनीची चित्रं काढता काढता तिचे केस पांढरे झाले होते. "तीस वर्षांचा सोहळा, आणि पहिली दहा वर्षं गायब? लोक विचारतील ना."

"कोण विचारतंय? मालिका संपली की माणसं भांडी घासायला उठतात. शेवटचं ते चार सेकंदांचं चित्र बघतं कोण?"

"मग काढता कशाला?"

 तोंचीने उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली.

प्रत्येक मालिकेच्या शेवटी येणारी ती होडी साऱ्या स्प्लिट शहराला पाठ होती. तोंची आणि याकोव्ह या दोन मित्रांनी कंपनी काढली, तेव्हा हाताने काढलेलं पहिलं चित्र आलं. दोघं होडी वाहून नेताहेत. पुढे तोंची, मागे याकोव्ह. मग संगणक आला आणि तीच माणसं खेळण्यांसारखी चकचकीत झाली. मग एका मालिकेच्या शेवटावरून दोघांचं वाजलं. याकोव्ह तावातावाने उठून गेला, तो परत आलाच नाही. महिनाभर वाट पाहून तोंचीने मिरेलाला सांगितलं, मागचा पुसून टाक. एकट्याच्या खांद्यावर होडी काही बसेना, म्हणून मिरेलाने ती उलटी करून त्याच्या डोक्यावर ठेवली, टोपीसारखी. लोकांना ते फार आवडलं. पुढे तोही माणूस गेला, नुसती होडी राहिली.

याकोव्ह वारेपर्यंत दोघं पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. आज संध्याकाळी त्याची बायको नेवेन्का पहिल्या रांगेत बसणार होती. येणार नाही या भरवशावर तोंचीने तिला आमंत्रण धाडलं होतं, आणि तिने फोन करून 'येते' म्हणून कळवलं होतं.  दोन माणसांचा एक झालेला तिने भर सभेत पाहिला, आणि उठून उभी राहिली तर?

दार वाजलं. नेवेन्काच होती, धापा टाकत.

"जिना वाढवलास की काय रे तोंची? पूर्वी एवढा नव्हता."

"बस. कॉफी सांगू?"

"कॉफी नको. संध्याकाळी दाखवणार आहेस ते आधी मला दाखव. लोकांदेखत रडू फुटलं तर शेजारणी महिनाभर चघळतील."

मिरेलाने तोंचीकडे पाहिलं. त्याने होकारार्थी मान हलवली. तिने तिसऱ्यापासून लावलं.

डोक्यावर होडी घेतलेला एकटा माणूस पडद्यावरून चालत गेला. तोंची जमिनीकडे बघत राहिला. त्याचे कान तापले होते.

"आले बघ आमचे हे," नेवेन्का म्हणाली.

मिरेलाचा हात थबकला.

"आमच्या डोराला हेच दाखवते मी. माझी नात रे, आजोबांना नोनो म्हणते. ती झाली तोवर हे गेलेच होते. दुपारी तुमच्या जुन्या मालिका लागतात ना, त्या संपल्या की ही उड्या मारते. 'नोनो आले, माझे नोनो आले!'"

गप्प बसलं तर सगळंच निभावत होतं. तोंचीने मान वर केली.

"नेवेन्का, तो मी आहे. याकोव्ह मागे होता. त्याला मी पुसायला लावलं."

"माहितीये."

"माहितीये?"

"हे पहिल्यांदा लागलं त्या दिवशी आमचा माणूस जेवता जेवता उठून गेला. मला कळायचं राहील होय? पण पोरीला काय सांगू? तुझ्या नोनोला त्यांच्या दोस्तानेच पुसलं? म्हटलं, हेच तुझे नोनो. तुझं काय गेलं त्यात?"

"काही नाही."

"मग संध्याकाळी तिच्यासमोर तोंड उघडू नकोस. तिला घेऊन येणारे मी."

ती जिना उतरून गेली. पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हा मिरेला म्हणाली, "मग हेच ठेवू ना? तिसऱ्यापासून?"

तोंचीने पडद्याकडे पाहिलं.

"पहिल्यापासून लाव."

"अहो, पण ती मुलगी—"

"लाव म्हटलं ना."

सभागृह भरलं. पहिल्या रांगेत नेवेन्का, तिच्या शेजारी डोरा आणि डोराच्या पलीकडे तोंची. दिवे मंदावले. हाताने काढलेली ती दोन माणसं दिसताच मागचे म्हातारे टाळ्या वाजवू लागले. डोरा खुर्चीवर उभीच राहिली.

"नोना, दोन आहेत!"

नेवेन्काने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पुढचे आपले नोनो. मागचा कोण?" आजी बोलेना, म्हणून पोरीने तोंचीचा कोट ओढला. "अहो, मागचा कोण?"

"तो होय? तुझ्या नोनोंबरोबर काम करायचा."

चकचकीत माणसं आली, गेली. मग तो एकटा आला, डोक्यावर होडी घेऊन.

"आता कुठे गेला तो?"

"भांडून गेला," तोंची म्हणाला. "मूर्ख होता जरा."

"मग नोनोंनी एकट्यानेच उचलली?"

"एकट्यानेच."

डोरा समाधानाने खाली बसली. पडद्यावर आता नुसती होडी होती. नेवेन्काने अंधारात पर्स चाचपून पेपरमिंटच्या दोन गोळ्या काढल्या. एक नातीला दिली. दुसरी, पडद्यावरची नजर न काढता, नातीच्या डोक्यावरून तोंचीपुढे धरली.