अंगठे बांधू नका, मी आहे

होय मित्रांनो, मी वाळूची पिशवी आहे आणि जुनी आहे. त्यात लाजायचं काय? सोलापुरी चादरीच्या तुकड्यातून मला शिवलं, पोटात सीना नदीची वाळू भरली आणि दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत ठेवलं. पेशंटचा पाय हलू नये म्हणून त्याला टेकून बसायचं, हे माझं काम. पुढं फोमचे रंगीत ठोकळे आले आणि दार मिटू नये म्हणून मला अडण लावलं. ठोकळे दिसायला देखणे, पण पाय घसरला की तेही घसरतात.

एक दिवस नातेपुत्याकडची म्हाळसाबाई आली. मेंढरं राखणारी बाई. मांडीचं हाड मोडलं म्हणून दुसऱ्या दवाखान्यात आत सळई घातली होती. हाड जुळलं, पण पाऊल बाहेर वळूनच राहिलं. काठी घेऊनही चालताना ती पडायची. वयाचं दुखणं, सवय होईल, असं सगळे म्हणत. आता राखणार कोण, म्हणून मुलगा बिरुदेव मेंढरं विकायला निघाला होता.

डॉक्टर निवेदिता मॅडमनी दोन्ही मांड्यांचा साधा एक्स-रे सांगितला. गुडघ्याच्या वाट्या सरळ वर हव्यात, म्हणजे दोन्ही हाडं ताडून बघता येतात. पण दुखरा पाय सारखा कलंडायचा. शेवटी एक्स-रे काढणारा आशिष चिकटपट्टीनं पायांचे अंगठे एकमेकांना बांधायला लागला.

म्हाळसाबाई उठून बसली. "अंगठं मेल्यावर बांधत्यात. मी जिती हाय अजून."

"मावशी, फोटो हलेल की."

"हलू दे. बांधायचं न्हाय."

मला ती बाई तिथंच आवडली. आशिषनं इकडंतिकडं पाहिलं आणि मला उचललं. मी तिच्या पावलाला अशी रेटून बसले, की वाटी वर म्हणजे वरच.

मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी, आतल्या बाजूला, एक छोटा उंचवटा असतो. चांगल्या पायाच्या फोटोत तो बोराएवढा दिसला, दुखऱ्या पायाच्या फोटोत जेमतेम टोक. मॅडम म्हणाल्या, "वयाचं नाही हे. गुडघे दोन्ही सरळ, तरी इथला उंचवटा मागं लपलाय, म्हणजे हाड पिळून जुळलंय. परत ऑपरेशन करून सरळ करता येईल."

ऑपरेशन झाल्यावर काही महिन्यांनी ती पुन्हा आली, काठीशिवाय. मी परत दारातच होते. कुणी सांगितलं नसताना तिनं वाकून मला उचललं आणि टेबलावर नेऊन ठेवलं.

"मेंढरं विकली का मावशी?" आशिषनं विचारलं.

"कशाला इकू? हायेत की. हिला दारात टाकू नगा, हिची जागा वर हाय."

मित्रांनो, ऐकलंत ना? दाराला हवी तर वीट लावा.