न वाचलेलं नाव

"काका, फिरवा ना. थांबलात कशाला?"

हेडफोनमधून प्रोड्यूसर खेकसला, तसा काकांचा अंगठा चक्रीवर पुन्हा हलला आणि कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर शब्द वर सरकू लागले. शब्द सरकले की बातम्या देणारी पोरगी वाचणार, थांबले की थांबणार. प्रॉम्प्टरवाल्या काकांचा उभा जन्म या एका कामात गेला होता.

कारखान्यात बॉयलरचा स्फोट झाला होता आणि पोरगी न अडखळता वाचत होती. तिचे बाबा त्याच कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. पण आज त्यांची सुट्टी, म्हणून तिला घोर नव्हता. काकांचं लक्ष मात्र मघापासून वाचनात नव्हतं. सकाळी तिला स्टुडिओच्या फाटकाशी सोडून बाबा नेहमीसारखे काकांबरोबर चहाला थांबले होते.

"आज दुसऱ्याच्या बदली जातोय," ते म्हणाले होते. "पोरीला बोलू नका. सुट्टीच्या दिवशी कामावर गेलो की ती घरी माझंच बातमीपत्र वाचते."

काका हसले होते. आता त्या हसण्याची त्यांना शरम वाटत होती.

पूर्वी बातम्या संध्याकाळी एकदाच असायच्या. टाइप केलेले कागद एकाला एक चिकटवून काका लांबलचक गुंडाळी करायचे आणि हातानं सरकवायचे. अपघातात गेलेल्या माणसाचं नाव समोर आलं, की तेव्हाचे संपादक आधी विचारायचे, "घरी कळलंय का?" नसेल कळलं, तर ते नाव त्या दिवशी वाचायचं राहायचं. लोकही कुरकुर करत नसत. आता काय, दिवसभर बातम्या, मागे संगीताची बडवाबडवी, आणि चौकटीचौकटीत एकमेकांवर ओरडणारी डोकी. वाचणारीचं पूर्ण नावसुद्धा कुणी सांगत नाही. पोरगी नुसत्या नावानं ओळखली जायची, त्यामुळे तिचे वडील कोण, हे डेस्कवर कुणाच्या गावीही नव्हतं.

"नावं आली," प्रोड्यूसर म्हणाला. "दुसऱ्या चॅनेलच्या आधी जाऊ दे. रोल."

पुढच्या ओळी काकांना पोरीच्या आधी दिसायच्या. पहिलं नाव, दुसरं नाव. आणि त्याखाली तिसरं, आडनावासकट, पुढे 'बॉयलर ऑपरेटर'. बाबांचा सकाळचा हसरा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी अंगठा उचलला.

दुसरं नाव वाचून पोरगी थांबली.

"काका, झोप लागली का? रोल."

"घरी कळलंय का?" काका माइकमध्ये म्हणाले.

"कुणाच्या घरी? काय बोलताय? लाइव्ह आहोत आपण."

काकांनी सरळ काच कोरी केली. पोरगी क्षणभर गांगरली, पण मुरलेली होती. "पाहूया पुन्हा एकदा घटनास्थळाची दृश्यं," म्हणत तिनं वेळ मारून नेली.

पण पडद्यावर खाली सरकणारी बातम्यांची पट्टी काकांच्या हातात नव्हती. ती दुसऱ्याच खोलीतून कुणीतरी सोडायचं. पोरीच्या टेबलापुढे जमिनीवर एक टीव्ही होता आणि दृश्यांखालून दोन नावं त्यावर सरकून गेली होती. आता तिसरं येणार. काका उठले आणि त्या टीव्हीला पाठ लावून उभे राहिले. कार्यक्रम चालू असताना जागा सोडायची नाही, हा नियम त्यांनी आजवर कधी मोडला नव्हता. हेडफोन मागे लोंबकळत होता आणि त्यातून शिव्या ऐकू येत होत्या.

जाहिराती लागल्या.

"काका, काय झालं?"

"चल बाळा, बाहेर चल."

"आधी सांगा."

"बाबा आज दुसऱ्याच्या बदली कामावर गेले होते गं. त्यांचं नाव आलंय."

ती रडली नाही. टेबलाची कड घट्ट धरून ती म्हणाली, "आई. आई माझी एकही बातमी चुकवत नाही."

तिचा फोन मेकअपरूममध्ये होता. काकांनी आधी आत जाऊन तिथला टीव्ही बंद केला, मग तिला आत येऊ दिलं. फोनवर आईच्या कॉलची रांग लागली होती. काकांनीच आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अगं, किती फोन करायचे," आई म्हणाली. "ते आज कामावर गेलेत, तुला सांगू नको म्हणाले. आणि पट्टीवर त्यांचं नाव आलं बघ. माझ्या काळजाचं पाणी झालं. मग म्हटलं, तू वाचलं नाहीस, म्हणजे चुकलं असणार त्या पट्टीवाल्यांचं. पट्टीवर काय, वाट्टेल ते येतं. तू वाचशील ते खरं. नाही ना गं तसं काही?"

"आई, तू आधी खाली बस," पोरगी म्हणाली.

मग तिनं श्वास घेतला. वाक्याआधी ती तो कसा घेते, किती धरते, हे काकांना पाठ होतं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या काकांचा अंगठा रिकाम्या हवेत आपोआप फिरला, सावकाश, एका ओळीपुरता.