दोन बादल्या

“साबण बदलला, तेल बदललं, पावडर बंद केली. आता बदलायला एक घरच उरलंय,” सासूबाई म्हणाल्या आणि तान्ह्या मुंगीला पालथी करून त्यांनी तिची पाठ उजेडाकडे धरली.

कामावरून आलेला जावई उंबऱ्यापाशी चपला काढीत होता. एक पायात, एक हातात, तसाच थबकला. तीन महिन्यांच्या त्या वीतभर पाठीवर पुरळ पुन्हा उठले होते. मानेच्या घडीपासून मांड्यांपर्यंत राईएवढे लाल दाणे. चेहरा मात्र स्वच्छ, इवलाले तळवेही स्वच्छ. जन्मली तेव्हा इतकी बारीक होती की तिला सगळे मुंगीच म्हणू लागले होते. आज ती मुंगी कण्हत होती.

“आठ दिवस माझ्याकडे होती, माझ्या जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांत, तर अंग कसं लोण्यासारखं झालं होतं. इथं येऊन चार दिवस नाही झाले, की पुन्हा आहेच. डॉक्टर काही म्हणू देत, तिला हे घर मानवत नाही.”

“आई, घर काय चावतं का तिला?” आतून त्याची बायको म्हणाली. बाळंतपणातला तिचा अशक्तपणा अजून सरला नव्हता. ती बरीचशी पडूनच असे.

“चावत नाही तर हे काय आहे? रविवारी मी दोघींना घेऊन जाते. वर्षाची होऊ दे, कातडी जरा निबर होऊ दे, मग या परत. काय जावईबुवा, तुमचं काय म्हणणं?”

जावईबुवांचे कधी काही म्हणणेच नसे. कारखान्यात त्याला मौनीबाबा म्हणत ते उगीच नव्हे. “बघू,” एवढे बोलून तो मागच्या नळाकडे गेला.

रविवारला चार दिवस उरले होते. सात वर्षे ज्या पावलांची वाट पाहिली, ती पावले आता दुसऱ्याच्या अंगणात पहिल्यांदा उमटणार होती. पहिला शब्दही तिकडेच फुटणार. तो इथे कोणीतरी निरोप म्हणून सांगणार, आणि आपण “हो का?” म्हणणार.

नळाशी निळी आणि लाल अशा दोन बादल्या होत्या; हाताला आली ती लावून त्याने झबली आणि लंगोट काढले. बायकांचे कपडे सासूबाई धूत. बाळाच्या कपड्यांच्या धुण्या-घड्यांना मात्र त्याने पहिल्या दिवसापासून कोणाला हात लावू दिला नव्हता. मुलीला घ्यायला त्याला भीती वाटे. पहिल्यांदा घेतली तेव्हा त्याच्या खरबरीत बोटांत दुपट्याचा धागा अडकला होता आणि ती घाबरून कळवळली होती. तेव्हापासून तो तिच्यापेक्षा तिच्या कपड्यांशीच अधिक बोलत आला होता. ते पिळताना त्याचे हात आपोआप हलके होत. वाळत घातलेली झबली वाऱ्याने फुगली, की आत कोणी आहे असे वाटून तो क्षणभर दोरीपाशी रेंगाळे. बापपणाचा एवढाच वाटा त्याने मागून घेतला होता. हातासरशी दिवसभराचे आपले कपडेही तो त्याच बादलीत बुडवी.

गुरुवारी कारखान्यात उशीर झाला. तिथे काचतंतूंच्या, म्हणजे फायबरच्या, पाण्याच्या टाक्या बनत. साच्यावर काचेच्या तंतूंची चादर अंथरायची, तिच्यावर चिकट रेझिन चोपडायचे, वाळले की कडा घासायच्या. घासताना पांढरी धूळ उडे आणि माणसे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत. तो घरी पोचला तेव्हा सासूबाईंनी दोरीवरचे कपडे आधीच आत आणून घड्या घातल्या होत्या. त्या दाराशी बसून मनगटाची आतली बाजू कमरेवर घाशीत होत्या. नखे न लावता, कपड्यावर, पुन्हा पुन्हा.

हे खाजवणे त्याच्या ओळखीचे होते. कारखान्यात नव्याने लागलेला प्रत्येक माणूस पहिला महिना अस्साच मनगटे घाशी. म्हातारा मिस्त्री त्याला ओरडे, “नख लावू नकोस रे, आणखी आत जाईल! सोस महिनाभर. मग कातडीच नाद सोडते.”

“आई, हे कधीपासून?” त्याने विचारले.

“आत्ताच. घड्या घालता घालता. डास असेल मेला.”

त्याने वरचे झबले उचलले आणि ते उतरत्या उन्हात तिरपे धरले. आधी काही दिसले नाही. मग एक रेघ लकाकली. कोळ्याच्या धाग्यासारखी, पण सरळ, ताठ. मग दुसरी. मग कापडाच्या विणीत रुतलेले कितीतरी बारीक, चमचमते कण. ते झबले त्याने आपल्या हाताच्या कोवळ्या बाजूवर दाबून घासले. काही जाणवले नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या कातडीनेही नाद सोडला होता.

झबले घेऊन तो आत गेला आणि बायकोपुढे उभा राहिला.

“माझ्या कपड्यांतली काच आहे,” तो म्हणाला. “तिच्या कपड्यांत गेली.”

“कशी जाईल? निळी बादली तुमची ना?”

“मी एकाच बादलीत धुतो.”

ती उशीवरून अर्धवट उठली. “अहो, दोन बादल्या मी काय शोभेला ठेवल्या होत्या?”

“मला वाटलं, तुझी आपली टापटीप.”

ती पुन्हा उशीला टेकली. मग हळू आवाजात म्हणाली, “लग्नानंतर पहिल्या महिन्यात माझ्या पोटऱ्या खाजवून खाजवून सोलवटल्या होत्या. मिस्त्रींच्या बायकोला विचारलं, तेव्हा कळलं. मग तुमचे वेगळे धुवायला लागले.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही अंथरूण उचलून अंगणात निजायला गेला असता. तुमचा काय नेम?”

दारात उभ्या राहून सासूबाईंनी हे सगळे ऐकले होते. “धन्य आहात दोघं! सात वर्षं संसार केला आणि बादलीचं गुपित सांभाळत बसलात. मी मात्र बिचाऱ्या घराला शिव्या देत होते.”

“माझ्यामुळं झालं,” तो म्हणाला.

“तुमच्यामुळं कसलं? काचेमुळं.” त्यांनी पुढे होऊन त्याच्या हातातले झबले काढून घेतले, जोर न लावता, झोपलेल्या मुलाच्या मुठीतून काही सोडवावे तसे. “रविवारचं राहू दे आता. मी राहीन इथं आणखी महिनाभर. पण हे धुणंबिणं यापुढं माझ्याकडे, बरं का.”

त्याने मान हलवली. हात काही वेळ तसेच पुढे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी झबले भिंगाखाली पाहिले. “काच अशी धुऊन निघत नाही, हे सगळे कपडे टाकून द्या. पुरळ आपसूक जाईल,” ते म्हणाले. नवे कपडे आले. तो कारखान्यातच नळाखाली अंघोळ करू लागला, कामाचे कपडे तिथल्याच खुंटीवर ठेवू लागला आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा डोक्यावरून पाणी घेऊ लागला. आठव्या दिवशी मुंगीची पाठ नितळ झाली. सासूबाईंनी ती सगळ्यांना दाखवली, जणू स्वतःच घासूनपुसून लख्ख केली होती.

तो मात्र खाटेपासून दोन हातांवर बसे आणि तिच्याकडे पाहत राही. मागच्या अंगणात सासूबाई धुणे आपटीत असत. तो आवाज आला की त्याची बोटे मांडीवर किंचित हलत.

“किती लांबून बघाल?” एका संध्याकाळी बायको म्हणाली. आता ती घरात हिंडूफिरू लागली होती. “नाटकाचं तिकीट काढलंय का? घ्या की तिला.”

“टोचलं तर?”

“दोनदा अंघोळ केलीत. आता आणखी काय, भट्टीत घालू तुम्हाला?”

“मला कळत नाही गं.” त्याने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिले. “काच असली तरी कळत नाही. नसली तरी कळत नाही. कशावरून म्हणू, की स्वच्छ आहेत?”

तिच्या चेहऱ्यावरचे हसू विरले. मागे धुण्याचा आवाज चालू होता. ती त्याच्यासमोर खाली बसली, त्याचे दोन्ही हात धरून तिने तळवे वर केले आणि वाकून आपला गाल त्यांत टेकवला. डोळे मिटले. असे तिने कित्येक महिन्यांत केले नव्हते. कदाचित त्याआधीही कधी नाही. खाटेवर मुंगी आपली आपणच हुंकारत, हवेत पाय झाडीत होती.

त्याने बोटे जराही हलू दिली नाहीत.

“टोचतंय?” त्याने विचारले.

“थांबा,” गाल तसाच दाबून धरत ती म्हणाली. “अजून नीट कळत नाही.”