तिसऱ्या बेसकडे पाठ

"बाबा, माझ्या जागी दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तरी तुम्ही बॉक दिला असता का?"

विचारून टाकलं एकदाचं! सकाळी शाळेत बेसबॉल संघातल्या टकळीने डिवचलं होतं, "विचारशील तर तू खरी. नाहीतर आजपासून तुझं नाव डावरी नाही, घाबरी." त्यांच्या कॅचरने, जिच्या हातून चेंडू सुटत नाही म्हणून जिला सगळे भिंत म्हणतात, तिनेही मान डोलावली होती. डावरीला वाटलं होतं, विचारताना भीती वाटेल. वाटली नाही. शनिवारपासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. आई दातांच्या दवाखान्यात काम करायची. तिथे भूल दिली की आपलाच ओठ परक्याचा वाटतो, तसं डावरीचं सगळं अंग झालं होतं. जेवत होती, गणितं सोडवत होती, टकळीच्या विनोदांना हसतही होती. आत सगळं ठप्प.

बाबांनी पुसायला घेतलेला चष्मा खाली ठेवला. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि सुट्टीच्या दिवशी ते शाळांच्या बेसबॉल सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे. शनिवारी प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं होतं, "अहो पंच, आधी स्वतःचा नंबर तपासा!" एरवी हा विनोद घरात महिनाभर पुरला असता.

झालं होतं ते असं. उपांत्य सामना, शेवटचा डाव, बरोबरी. चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर, डावरी. समोरच्या संघाच्या दोघी बेसवर, एक पहिल्या आणि एक तिसऱ्या. पहिलीवरची जरा जास्तच पुढे सरकली, तशी डावरीने त्या बेसकडे सरळ पाऊल टाकून चेंडू फेकला. बाद! अगदी नियमात बसणारं, रेखीव काम. उरली तिसरीवरची. आता, डाव्या हाताने टाकणाऱ्या पिचरची पाठ नेमकी तिसऱ्या बेसकडे असते. मागे काय चाललंय ते दिसत नाही. तेवढ्यात टकळी मैदानातून किंचाळली, "निघाली, निघाली!" डावरीने चेंडू टाकला, आणि बाबांचे दोन्ही हात वर गेले. बॉक. चेंडू टाकताना पिचरकडून नियम मोडला गेला की बेसवरच्या खेळाडूला एक बेस फुकटात मिळतो. तिसरीवरची रमतगमत शेवटच्या बेसवर, होमवर आली, आणि धाव झाली. सामना खलास.

तेव्हापासून आई बाबांशी कामापुरतं बोलत होती. येत्या रविवारी तिसऱ्या क्रमांकासाठी सामना होता, त्यासाठी बाबांनी आयोजकांना "दुसरा पंच बघा" म्हणून कळवून टाकलं होतं. आणि डावरीने रविवारी टाकायचं की खेळच सोडायचा, ते उद्या प्रशिक्षक सरांना सांगायचं होतं. सोडावा, असंच ती धरून चालली होती. त्याचंही वाईट वाटत नव्हतं.

"दिला असता," बाबा म्हणाले.

"म्हणे दिला असता!" आई ओट्यापासून वळली. "अहो, पोरगी आहे तुमची. दिसलं नाही म्हणायला काय जात होतं?"

"दिसलं होतं ना."

"काय दिसलं?" डावरीचा आवाज सपाट होता. "चेंडू पाडला नाही मी. खोटी हूल दिली नाही."

"थांबली नाहीस. ये इकडे."

स्वयंपाकघराच्या फरशीत एक पांढरी पट्टी होती. ती पिचरची पट्टी. फ्रिज म्हणजे होम, वॉशिंग मशीन पहिला बेस. तिसऱ्या बेसच्या जागी, फडकं हातात घेऊन, आई. मोज्यांची गुंडाळी म्हणजे चेंडू.

"पट्टीवर पाय आहे तोवर हात जुळवायचे, पूर्ण थांबायचं, मग टाकायचं. गडबडलीस तर आधी पाय पट्टीमागे घे. मागे उतरलीस की तू मोकळी, कुठेही फेक."

"माहितीये मला."

"माहितीये म्हणून तर विचारतोय. थांबलीस?"

डावरीने आठवून पाहिलं. टकळीची किंकाळी आठवत होती, बाबांचे हात आठवत होते. मधली जागा कोरी.

"आठवत नाही," ती म्हणाली. तिने हात जुळवले, थांबली. पाठीमागे कुणीतरी बारीक श्वास आत ओढला. मोजे फ्रिजवर आपटले, आणि मागचा श्वास सुटला.

"आई, हे काय करतेस?"

"कुठे काय? सवय आहे गं. तुझे हात जुळले की मी श्वास धरते, तू टाकलंस की सोडते. मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढं आपोआप होतं."

"मग शनिवारी?"

आईने फडक्याला पीळ घातला. बाबांकडे बघायचं टाळलं.

"शनिवारी वेळच मिळाला नाही," ती हळूच म्हणाली. "धरायच्या आतच तू टाकून मोकळी."

बाबा जिंकल्यासारखे मुळीच दिसले नाहीत. "हात वर जाताना वाटलं होतं, खाली घ्यावेत," ते म्हणाले. "पण अर्ध्यावर आणून खाली कसे घेणार?"

आता तरी रडू येईल म्हणून डावरीने वाट पाहिली. नाही आलं. तिने मोजे उचलले. लोकर बोटांना खरखरीत लागली, भूल उतरताना ओठाला मुंग्या येतात तशी.

"मी उद्या सरांना हो सांगणारे. रविवारी मीच टाकणार," ती म्हणाली. "आई, तू तिसऱ्या बेसमागे बस. आणि बाबा, फोन करून सांगा त्यांना, पंच मिळाला म्हणून. दिसलं नाही म्हणणारा पंच मला नको. मी थांबले नाही, तर परत द्या बॉक."