घटसर्पाची सुई

"आबा, आमाला घड्याळ मिळणार हाय!"

सोनम दप्तरासकट धावत अंगणात आली. बिरदेव एका मेंढीला गुडघ्यात दाबून तिच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कसलं घड्याळ?"

"हातातलं. दहावीच्या आन पाचवीच्या पोरांना. मुंबईच्या मंडळानं धाडल्यात. शुक्रवारी इंजेक्शन घ्याचं, की लगीच घड्याळ. मायाला बी मिळल, ती पाचवीत हाय न्हवं!"

माण तालुक्यातली ही वाडी. निम्मे बाप्ये कामधंद्यासाठी मुंबईत, उरलेले मेंढरांमागं. आदल्या वर्षी इंजेक्शनच्या दिवशी निम्मी शाळा घरी बसली होती. म्हणून हेडमास्तरांनी मुंबईकरांच्या मंडळाला गळ घातली आणि मंडळानं खोकी भरून घड्याळं पाठवली. शाळेच्या फळ्यावर मास्तरांनी रंगीत खडूनं हे मोठं घड्याळ काढलं होतं. खाली बारक्या अक्षरात लिहिलं होतं, टीडी लस.

बिरदेवनं काटा काढला, मेंढी सोडून दिली आणि हात धोतराला पुसले.

"तुमी दोघीबी जायचं न्हाई," तो म्हणाला.

"आवं आबा, पर का?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

सोनमचा चेहरा पडला. बापाला उलटून बोलायची तिला सवय नव्हती. ती आत गेली आणि आजीच्या मांडीवर डोकं टाकून रडली. हरणाबाई नातीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. लेकाला समजवायला मात्र तीही उठली नाही. लेकाच्या मनात काय चाललंय ते तिला ठाऊक होतं.

माया अंगावर पीत होती, तेव्हाची गोष्ट. पाळणा थांबवायच्या ऑपरेशनचं एक शिबिर भरलं होतं. दारात आलेल्या बाईनं बनुबाईला सांगितलं, ऑपरेशन केलं की खात्यात पैसे आणि वर एक लुगडं. वर्ष वाईट होतं, चारा विकत घ्यावा लागत होता. बनुबाई बिचकत होती. बिरदेवच म्हणाला, "जा की, समद्या जात्यात." ती गेली आणि लुगडं घेऊन परत आली. मग ताप चढला, पोट फुगलं, आणि ते लुगडं नेसायच्या आधीच ती गेली. खात्यात पैसे मात्र जमा झाले. बिरदेवनं त्यांना कधी हात लावला नाही. त्या दिवसापासून एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली: अंगाला सुई लावायला जो वर काही देतो, त्याच्यापासून लेकरं लांब ठेवायची.

नर्सबाई घरी येऊन गेल्या. राजेश्वरी त्यांचं नाव. माहेर रहिमतपूरचं, नोकरीला या दुष्काळी भागात येऊन फार दिवस झाले नव्हते. चालून चालून त्यांचं तोंड उन्हानं लाल झालं होतं. हरणाबाईनं पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी उभ्या उभ्याच रिकामा केला.

"बिरदेवदादा, सरकारी लस आहे. एक पैसा लागत नाही. वर घड्याळ मिळतंय."

"फुकट हाय, तर वर घड्याळ कशापायी?"

"मुलं यावीत म्हणून हो."

"माझी बायकू बी यावी म्हणूनच लुगडं दिलं हुतं."

नर्सबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या हरणाबाईकडं बघत राहिल्या. हरणाबाईनं पदरानं डोळे टिपले, तेव्हा त्यांना अर्धंमुर्धं उमगलं. पण अजून बरीच घरं राहिली होती. "पुन्हा येईन," म्हणून त्या गेल्या. लस कशावरची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बिरदेवनंही विचारलं नाही. सगळं बोलणं घड्याळाभोवतीच फिरलं.

शुक्रवारी दोघी पोरी घरी राहिल्या. शनिवारपासून वर्गात सगळ्यांच्या मनगटावर लाल पट्ट्याची घड्याळं दिसू लागली. सराव परीक्षेत सोनमला शेजारणीला वेळ विचारावी लागे, मग मास्तर ओरडत. तिनं घरी तक्रार केली नाही, मायानं सांगून टाकलं. ते ऐकून बिरदेवला भाकरी गोड लागली नाही.

"सोने, घड्याळ मी देतो तुला," तो म्हणाला. "त्यांच्यापरास झाक."

दिवाळी झाली तशी त्यानं मेंढरं खाली कृष्णाकाठाला नेली. तिकडं ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत आणि मेंढरांना पाला. एके दिवशी मेंढरं गुंडा नावाच्या जोडीदाराच्या स्वाधीन करून तो सांगलीला गेला. बाजारात हळदीच्या पोत्यांतून वाट काढत घड्याळाचं दुकान शोधलं, काचेतली सगळी घड्याळं बाहेर काढायला लावली आणि निळ्या पट्ट्याचं एक पसंत केलं. वाडीकडं निघालेल्या एका ट्रकवाल्याकडं दिलं. संध्याकाळी फोन आला.

"आबा, ह्याला लाइट बी हाय! कळ दाबली की उजेड पडतोया!"

"परीक्षेत नीट वापर, म्हंजे झालं."

"आबा, तुमी कवा येणार?"

"येतो की. ऊस संपला की येतोच."

थंडी पडली आणि सोनमचा घसा धरला. हरणाबाईनं हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. बाजारच्या गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. ताप हटेना. पाणी गिळताना ते नाकातून परत येऊ लागलं, आवाज बसला, आणि मान दोन्ही बाजूंनी अशी सुजली की गळ्यातली पोत काढून ठेवावी लागली. दहिवडीच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून घशात पाहिलं आणि त्यांचा आवाजच बदलला. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणाले. सातारा जवळ होतं. पण हरणाबाईनं हट्ट धरला, पोरीचा बाप सांगलीकडं हाय, पोरीला बापाकडंच न्यायचं.

जीप सांगलीत पोचली तेव्हा बिरदेव दवाखान्याच्या फाटकात उभा होता. त्यानं लेकीला उचललं. दहावीतली पोर, पण शेळीच्या करडाइतकी हलकी लागली. तिनं डोळे उघडले.

"मेंढरं कुणाकडं ठिवली?" तिनं विचारलं. घोगऱ्या आवाजात शब्द जेमतेम कळत होते.

"गुंडाकडं. तू बोलू नगं."

तिला आत नेलं. बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी बिरदेवला बाकड्यावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या.

"घशात पांढरा-राखाडी पडदा धरलाय. घटसर्प आहे. औषध सुरू केलंय, पण उशीर झालाय. विष हृदयापर्यंत गेलंय."

"घटसर्प?" बिरदेव म्हणाला. "बाई, त्यो तर जनावराला हुतो."

"जनावरांचा वेगळा, माणसांचा वेगळा. पण नाव एकच. माणसांसाठी पण लस असते. लहानपणी देतात, मग पाचवीत, दहावीत. तिला दिली होती?"

"लहानपणी कुठली, बाई. आमी मेंढरांमागं. आज हितं, उद्या तितं."

"आणि यंदा शाळेत? टीडी म्हणतात तिला."

"घड्याळासंगं हुती ती?" बिरदेव म्हणाला.

दरवर्षी पावसाच्या तोंडाला तो आपल्या एकूण एक मेंढराला घटसर्पाची लस टोचून घ्यायचा. जनावरांच्या डॉक्टरला कधी त्याच्या दारात यावं लागलं नाही. तोच दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायचा. एकदा लस संपली म्हणाले, तर तो तिथंच भांडला होता आणि ती आल्याशिवाय हलला नव्हता. एकेक मेंढरू गुडघ्यात धरून तो स्वतः त्याची मान पुढं करायचा. घटसर्पानं आख्खा कळप कसा आडवा होतो, ते त्यानं बापाच्या वेळेला डोळ्यांनी पाहिलं होतं. फळ्यावर घड्याळाच्या जागी तेवढा एक शब्द कुणी लिहिला असता, नर्सबाईंच्या तोंडून तेवढाच एक शब्द पडला असता, तर शुक्रवारची वाट न बघता तो दोन्ही पोरींना खांद्यावर घालून गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं खिडकीतून आत आली होती. बिरदेव लेकीचे तळपाय चोळत बसला होता. हरणाबाई चहा आणायला खाली गेली होती. सोनमनं एक मोठा श्वास घेतला, आणि मग पुढचा घेतलाच नाही. डॉक्टर, नर्स धावत आल्या, त्यांनी तिच्या छातीवर दाबून पाहिलं, सुया दिल्या. बिरदेव भिंतीला लागून उभा होता. शेवटी त्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. चहाचे कप घेऊन आलेली हरणाबाई दारातच खाली बसली.

मातीचं सगळं आटोपल्यावर वाडीत आरोग्य खात्याची माणसं आली. घरोघर घसे तपासले, औषधं वाटली, राहिलेल्यांना लस टोचली. या खेपेला कुणी काही वाटलं नाही. तरी शाळेच्या पटांगणात माणूस मावत नव्हता. बिरदेवनं मायाला नेलं. टोचताना ती रडली नाही, नुसती बापाकडं बघत होती.

गर्दी पांगली तशी राजेश्वरीबाई त्याच्याजवळ आल्या.

"दादा, मी पुन्हा येईन म्हणाले होते, आले नाही."

"बाई, येक इचारू?" बिरदेवच्या आवाजात राग नव्हता. राग धरायलाही अंगात काही उरलं नव्हतं. "त्या दिशी घटसर्पाची सुई हाय म्हणून का सांगितलं न्हाई?"

"रोगाचं नाव काढलं की लोक घाबरतात, असं वाटायचं सगळ्यांना. घड्याळाचं सांगा, पोरंच आईबापांना घेऊन येतील, असं ठरलं होतं. आणि आली की, दादा. बाकीची सगळी आली." त्यांना रडू फुटलं. "घड्याळाच्या नादात मी सांगायचंच विसरले."

"म्या तरी कुठं इचारलं?" बिरदेव म्हणाला.

पटांगणात लोकांनी टाकलेले कापसाचे बोळे वाऱ्यावर उडत होते.

मग तोच म्हणाला, "कृष्णाकाठाला आमच्या लोकांचे तळ पडल्यात. लय पोरं हाईत. शाळा न्हाई, काय न्हाई. तितं कोण जातंय?"

राजेश्वरीबाईंनी वरच्या साहेबांना फोन लावला, सांगलीकडच्या लोकांशी बोलल्या. आठवडाभरात तिकडची एक गाडी ठरली आणि साहेबांना विनवून त्याही रजा टाकून आल्या. बिरदेव पुढं बसून वाट दाखवत होता. उसाच्या फडांमागं, ओढ्याच्या कडेला, जिथं जिथं जाळीत कोंडलेली मेंढरं दिसतील तिथं तो गाडी थांबवायचा. उतरून तो एवढंच म्हणायचा, "घटसर्पाची सुई आणलीया. पोरं आणा." मग कुणाला काही समजवावं लागत नव्हतं. बाया चुलीवरची भाकरी टाकून लेकरं घेऊन येत.

एका तळावर एक म्हातारा मात्र काठी टेकून उभा राहिला. बिरदेव त्याला ओळखत होता.

"ज्योतिबानाना, नातवंडं आणा की."

"तुझ्या पोरीला टोचली हुती का रं?"

म्हाताऱ्याला बातमी लागली नव्हती. गाडीजवळच्या राजेश्वरीबाईंचा हात तसाच थांबला.

"न्हाई नाना," बिरदेव म्हणाला. "न्हाई टोचली म्या." तो खाली मान घालून पायातल्या वहाणेनं माती उकरत राहिला.

म्हातारा समजायचं ते समजला. त्यानं मागच्या कापडी पालाकडं वळून हाक मारली.

त्याची थोरली नात पुढं आली. सोनमच्याच वयाची, परकराला माती लागलेली. सुई बघून तिनं तोंड फिरवलं, आणि जवळ जो उभा होता त्याचा हात गच्च धरला. तो बिरदेवचा हात होता. त्यानं तो धरू दिला. पोरीची नखं त्याच्या तळव्यात रुतत होती. सुई झाली, पोरगी हसली, हात सोडून पालाकडं पळाली.

बिरदेव तो हात तसाच पुढं धरून कितीतरी वेळ उभा होता.